बार्विनेकची सहावी मोरी

अलोइझी फोर्मेला हा माणूस मला डोळ्यांसमोरसुद्धा नको होता, आणि म्हणूनच अकरा वर्षं दर शुक्रवारी मी त्याच्या बरोब्बर समोर जाऊन बसले. कुणी म्हणेल, बाई, हे काय उरफाटं? उरफाटं काही नाही. ज्याच्यावर आपला दात आहे त्याला नजरेआड होऊ देऊ नये, एवढी अक्कल मला गोदीत क्रेन चालवताना आली. त्याच्याबद्दल सांगायला बसलेच आहे तर सगळं सांगेन, पण गोड सांगेन अशी आशा कुणी धरू नका.

आमचा क्लब पोलंडच्या ग्दिनिया बंदरात, गोदीच्या जुन्या कामगार-वसाहतीच्या तळघरात भरतो. आम्ही पुठ्ठ्याची जहाजं करतो. फक्त मालवाहू. कोळसा नेणारी, धान्य नेणारी, केळी नेणारी. शिडांची गलबतं करणारे दुसरे असतात, ते जन्मभर दोरेच बांधत बसतात, त्याला मी भरतकाम म्हणते. तोफांची जहाजं करणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं. या शहराची चूल पेटली ती मालवाहू जहाजांवर, म्हणून आम्ही तीच करतो.

पुठ्ठा कापला की आतली पांढरी कड उघडी पडते. चिकटवण्याआधी ती रंगवायची. राहिली की जहाजाच्या अंगभर पांढऱ्या रेघा, आणि सगळ्या क्लबात शोभा. वार्निश लावायचं नाही, पुठ्ठा पुठ्ठ्यासारखा दिसला पाहिजे, हा आमच्या अध्यक्षांचा हुकूम. अध्यक्ष म्हणजे डॉक्टर हुबर्ट नेत्सेल, दातांचे डॉक्टर. दात कोरायच्या हत्यारांनी ते जहाजाच्या खिडक्या कोरतात. ती हत्यारं पुन्हा दवाखान्यात जातात का हे मी कधी विचारलं नाही. दात दाखवायला मात्र मी दुसरीकडे जाते.

आणि आमच्याकडे एक चाल आहे, तोंडपट्टीची. जहाज पुरं झालं की ते भिंतीतल्या काचेच्या कपाटात जातं, खाली पितळी पाटीवर करणाऱ्याचं नाव. पण त्याआधी ते टेबलाच्या मधोमध ठेवायचं. करणाऱ्यानं बाजूला उभं राहायचं. डॉक्टर स्वतःच्या हातानं त्याच्या ओठांवर कागदी चिकटपट्टी लावतात. मग टेबलाभोवतीच्या प्रत्येकानं एकेक चूक काढायची. स्तुती करायला बंदी. सगळ्यांचं होईपर्यंत करणाऱ्यानं एक शब्द बोलायचा नाही, अगदी तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मध्येच पट्टी काढली तर त्या जहाजाला कपाट कायमचं बंद. आमच्या एका ट्रामवाल्यानं काढली होती, न राहवून. त्याची कोळशाची बोट अजून त्याच्या घरी फ्रिजवर धूळ खात बसली आहे.

तर फोर्मेला. तळ्याकाठच्या काशूबी लोकांच्या एका खेड्यातला, सुताराचा मुलगा. पंधराव्या वर्षी गोदीत आला आणि आखणीघरात लागला. आखणीघर म्हणजे जहाजाच्या रेषा खऱ्या मापात जमिनीवर आखायची जागा. काळी रंगवलेली लाकडी जमीन, फुटबॉलचं मैदान मावेल एवढी. माणसं लोकरी मोजे घालून गुडघ्यांवर रांगत रेषा ओढायची, त्यावरून लाकडी फळ्या कापायची, आणि त्या फळ्यांवरून पुढे लोखंड कापलं जायचं. फोर्मेला अडतीस वर्षं रांगला. गुडघ्यांना घट्टे पडले. प्रार्थनेला चर्चमध्ये तो गुडघे टेकत नाही, उभाच राहतो. म्हणतो, "देवानं माझं गुडघे टेकणं आगाऊ घेऊन ठेवलंय." लोक हसतात. मी कधी हसले नाही.

कामात तो पक्का होता, हे शत्रू असूनही सांगते. पेन्सिल अशी टोकदार करायचा की कागद दुखावेल असं वाटावं. क्लबातसुद्धा छापील कागद त्याला चालायचा नाही. कोऱ्या पुठ्ठ्यावर स्वतः आखायचा, जलरंगानं रंगवायचा. खिशात शिंगाची तपकिरीची डबी. आमच्याकडे कुणी तपकीर पुढे केली तर चिमूट घ्यायची असते, नाही घेतली तर तो अपमान. दर शुक्रवारी तो टेबलाभोवती डबी फिरवायचा, माझ्यापुढेही धरायचा. दर शुक्रवारी मी मान फिरवायची. अकरा वर्षांत किती शुक्रवार झाले ते तुम्ही मोजा.

आखणीघराचा एक कायदा होता, तो आत्ताच सांगून ठेवते. प्रत्येक आखणीवाल्याची स्वतःची खूण असायची, प्रत्येक फळीवर ती काढायची. फोर्मेलाची खूण मासा. दोन वाकड्या रेघा, शेपटीशी एकमेकींना छेदणाऱ्या. फळी चुकली असं ज्याचं त्याला कळलं, तर त्यानं चुकीच्या जागी आपली खूण काढून तिच्याभोवती गोल करायचा. गोलातली खूण म्हणजे "चूक माझी, दुसऱ्या कुणाला बोलू नका." अख्ख्या गोदीला हे ठाऊक. गोल केलेली फळी परत जायची, नवी यायची, कुणी कुणाला हसायचं नाही. इतका साधा कायदा होता हो. पण पाळायला छाती लागते.

त्र्याहत्तर साली 'बार्विनेक' नावाचं मालवाहू जहाज बांधणीला होतं. माझा नवरा ब्रूनोन प्लिख्ता तिथे जोडणीच्या टोळीचा मुकादम. मी वर क्रेनच्या खोपटात. डेकच्या कडेनं कमरेएवढा लोखंडी कठडा असतो. लाट डेकवर चढली की पाणी परत समुद्रात जायला कठड्याला खाली भोकं ठेवतात, त्यांना आम्ही मोऱ्या म्हणतो. बार्विनेकला नकाशाप्रमाणे उजवीकडे सहा, डावीकडे सहा. पाच कारखान्यातच कापून यायच्या. सहावी दोन पत्र्यांच्या सांध्यावर पडत होती, म्हणून ती जोडणी झाल्यावर जागेवर कापायची, फळीवरची खूण बघून. जहाज पाण्यात सोडायला चार दिवस उरले आणि कुणाच्या तरी लक्षात आलं की डावीकडे पाचच आहेत.

ऑफिसात चौकशी बसली. ब्रूनोन म्हणाला, डावीकडच्या फळीवर सहावी खूण नव्हती. फोर्मेलाला विचारलं, खूण होती का? तो म्हणाला, "होती." फळी आणा म्हटलं, तर फळी नाही. आखणीघराच्या शेगडीत गेली म्हणे, जुन्या फळ्यांबरोबर. झालं. चोर सोडून संन्याशाला सुळी. तपासनीस म्हणाला पाच मोऱ्या पुरेशा आहेत, जहाज गेलं, सत्तावीस वर्षं समुद्रात हिंडलं, त्याला काही झालं नाही. झालं ते माझ्या नवऱ्याला. मुकादमी गेली, भंगाराच्या आवारात पाठवलं, वर कुणीतरी उठवलं की प्लिख्ता त्या दिवशी प्यायलेला होता. ब्रूनोन कामावर थेंबाला शिवायचा नाही! आणि नाव पडलं: पाचमोऱ्या. रंगारी रोमान कोंकेलनं ठेवलं ते. त्याला असली नावं ठेवण्यात भारी हुशारी. दुकानात, सलूनमध्ये, स्वतःच्या मुलीच्या लग्नातसुद्धा ब्रूनोन पाचमोऱ्याच.

आणखी एक गोष्ट आहे. ती मी कुणाला सांगितलेली नाही. पुढे सात-आठ वर्षांनी, एका रविवारी जेवताना, आम्ही राहायचो त्या सासूबाईंच्या एका खोलीत सगळ्यांची कटकट सुरू होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "खरं सांग ब्रूनोन, खूण होती आणि बघायचीच राहिली, असं तर नाही ना झालं?" त्यानं चमचा खाली ठेवला. त्यानंतर तीस वर्षं, मरेपर्यंत, त्यानं माझ्यापुढे बार्विनेकचं नाव काढलं नाही. दुनियेनं विचारलं ते त्यानं सोसलं. मी विचारलं ते नाही.

अंत्ययात्रेला फोर्मेला आला होता. टोपी हातात, मागे उभा. मी सरळ त्याच्याकडे गेले आणि विचारलं, "आता तो गेला. आता तरी बोल. खूण होती का नव्हती?"

त्यानं जमिनीकडे बघत म्हटलं, "फार वर्षं झाली, गेर्त्रुदाबाई. आठवत नाही."

आठवत नाही! ज्या माणसाला चाळीस वर्षांपूर्वीच्या जहाजाची प्रत्येक फासळी तोंडपाठ, त्याला एक खूण आठवत नाही! पुढच्याच शुक्रवारी मी क्लबात गेले, नाव नोंदवलं, त्याच्या समोरची खुर्ची ओढली. पुठ्ठा कसा कापतात ते मला माहीत नव्हतं. शिकले. रागानं माणूस काय वाटेल ते शिकतो. पहिल्या वर्षी माझ्या जहाजांच्या अंगावर पांढऱ्या रेघाच रेघा. तिसऱ्या वर्षी माझ्या चुका शोधायला डॉक्टरांना भिंग लागायला लागलं.

आणि त्याच्या चुका मी शोधायची. जहाज हातात घेऊन उलटंपालटं करायची, आत डोकवायची, तळाशी बोट फिरवायची. सोळा जहाजांवर सोळा चुका काढल्या. एकदा नांगराच्या साखळीची एक कडी जास्त निघाली, तर मला रात्री छान झोप लागली.

"वहिनींचा डोळा म्हणजे एक्स-रे," कोंकेल म्हणायचा. हो, तोही क्लबात, नशीब माझं. "पाचमोऱ्याच्या वहिनींपासून काही लपत नाही."

"तुझी अक्कल लपून राहिली आहे बघ," मी म्हणायची, "अजून कुणाला सापडली नाही."

यावर सगळे हसायचे, कांदा घातलेला खारा हेरिंग मासा आणि राय धान्याचा काळा पाव फिरायचा, फोर्मेला मूग गिळून आपली पेन्सिल तासत बसायचा. पाचमोऱ्या हा शब्द निघाला की तो कधी मान वर करायचा नाही. मी बघत असायची ना.

दोन वर्षांपूर्वी त्यानं नवं काम काढलं, पण कुठलं जहाज ते सांगेना. घरीच करत होता. बायको फेलिचिया गेलेली, मुलगा परदेशात, वय ब्याऐंशी, हात थरथरायला लागलेला. डॉक्टर म्हणाले, "फोर्मेला, डोळे जपा."

"हे एक होऊ दे. हे एक कपाटात गेलं की मी पातं खाली ठेवतो."

आणि या सप्टेंबरात एका शुक्रवारी तो बुटांच्या मोठ्या खोक्यातून ते घेऊन आला. टेबलाच्या मधोमध ठेवलं. राखाडी अंग, गंजाच्या रंगाचा तळ, पांढरं घर, पिवळं धुराडं. मी नाव वाचलं आणि माझ्या कानांत क्रेनची घंटा वाजायला लागली. बार्विनेक.

डॉक्टरांनी फोर्मेलाच्या ओठांवर पट्टी लावली. त्याच्या मिशा जाड, पांढऱ्या. डॉक्टरांनी ती नीट दाबून बसवली.

चूक काढणाऱ्या पहिल्यानंच, फोर्मेलानं सोबत आणून भिंतीवर टांगलेल्या गोदीच्या नकाशाकडे बघून म्हटलं, "अहो, डावीकडे मोऱ्या पाचच आहेत."

दुसरा म्हणाला, "माझीही तीच चूक. पाच."

कोंकेल तर खुर्चीतून उठलाच. टाळी वाजवून म्हणाला, "अरे वा! वहिनी, बघा, ब्रूनोनदादांचं स्मारक केलंय फोर्मेलानं! पाचमोऱ्याची पाच मोऱ्यांची बोट! आता ही कपाटात बसणार, शाळेची पोरं बघायला येणार!"

माझं डोकंच फिरलं. अंगाला आग लागली नुसती. मला वाटलं, मेल्या, एवढ्यासाठी दोन वर्षं घालवलीस? तो जिवंत होता तोवर तुझं खोटं त्याच्या डोक्यावर, आता मेल्यावर ते पुठ्ठ्यात करून काचेत ठेवणार? पितळी पाटीवर तुझं नाव आणि तिच्या वर माझ्या नवऱ्याची बेअब्रू? फोर्मेला भिंतीला टेकून उभा होता. पट्टीच्या वर त्याचे डोळे, आणि ते डोळे माझ्यावर. इतरांकडे तो बघतही नव्हता.

डॉक्टर म्हणाले, "तिघांची एकच चूक आली. खरं जहाज असंच होतं अशी साक्ष कुणी दिली तर गोष्ट वेगळी. गेर्त्रुदाबाई, शेवटची पाळी तुमची. तुम्ही त्या जहाजावर होतात."

मी जहाज उचललं. सवय सुटत नाही. उलटंपालटं केलं, तळाशी बोट फिरवलं, डावीकडचा कठडा दिव्याखाली तिरपा धरला आणि आतल्या बाजूनं बघितलं. कठड्याच्या आत, काठाच्या सावलीत, जिथे सहावी मोरी असायला हवी होती तिथे, पेन्सिलीनं काहीतरी होतं. तीळभर. मी भिंग मागितलं.

मासा. दोन वाकड्या रेघा. आणि भोवती गोल.

जवळजवळ पन्नास वर्षं. ब्रूनोननं खरंच सांगितलं होतं. खूण नव्हती. फळीवर खूण नव्हतीच! मला रडू यायला हवं होतं, पण आला तो पुन्हा रागच, आधीच्यापेक्षा मोठा. कारण मला कळलं की हे त्यानं कुठे काढलंय. आत. सावलीत. जिथे फक्त मी बघणार, एकटी मी, हे त्याला पक्कं ठाऊक होतं तिथे. नाव ठेवलं ते भर चौकात, आणि कबुली माझ्या कानात? बेअब्रू ढोल वाजवून, आणि न्याय कुजबुजून?

"बोला, गेर्त्रुदाबाई," डॉक्टर म्हणाले.

मी म्हटलं, "डावीकडे पाच मोऱ्या होत्या. मी साक्ष देते. खरं जहाज असंच होतं. ती चूक नाही."

फोर्मेलानं डोळे मिटले. त्याला वाटलं, सुटलो.

"माझी चूक वेगळी आहे," मी म्हटलं. "इथे एक खूण आहे, ती आतल्या बाजूला काढली आहे. आखणीघराचा कायदा काय होता, कोंकेल? तू गोदीत होतास. खूण आत काढायची की बाहेर?"

"बाहेर," कोंकेल म्हणाला. "सगळ्यांना दिसेल अशी. पण कसली खूण, वहिनी?"

"ते मी नाही सांगणार. ज्याची आहे तो सांगेल."

डॉक्टर गोंधळून म्हणाले, "पण त्यांना बोलता येणार नाही. पट्टी आहे. बोलले तर जहाज..."

"मला नियम ठाऊक आहे," मी म्हटलं. "त्यालाही आहे."

फोर्मेला माझ्याकडे बघत राहिला. मीही नजर काढली नाही. दया आली का विचाराल, तर नाही आली. मग त्यानं हात वर नेला, पट्टीचं टोक धरलं आणि ओढलं. मिशीचे केस निघाले त्याबरोबर, डोळ्यांत पाणी आलं.

"सहावी खूण फळीवर नव्हती," तो म्हणाला. आवाज घोगरा, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. "मी विसरलो होतो. ऑफिसात बोलावलं तेव्हा मी 'होती' म्हणालो. फळी मीच शेगडीत घातली, चौकशीच्या आदल्या दिवशी. ब्रूनोन प्लिख्ताची काही चूक नव्हती. तो प्यायलेलाही नव्हता."

"का रे?" कोंकेल म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येईना. "का?"

"त्या महिन्यात मला घर मिळणार होतं. यादीत नाव वर होतं. फेलिचियाला दिवस गेले होते."

त्या यादीत आम्हीही होतो. चौकशीनंतर आमचं नाव पार तळाला गेलं. फोर्मेलाला घर मिळालं आणि आम्ही आणखी नऊ वर्षं सासूबाईंच्या खोलीत राहिलो. हे मी तिथेच म्हणाले, याच शब्दांत.

"हो," तो म्हणाला. "ठाऊक आहे मला."

मग तो टेबलापाशी आला, खिशातून पेन्सिल काढली. हात थरथरत होता, म्हणून डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरलं, आणि कठड्याच्या बाहेरच्या बाजूला, राखाडी रंगावर, मासा काढला. शेंगदाण्याएवढा मोठा. भोवती गोल. कोंकेलनं टोपी काढली. ज्या माणसानं ते नाव ठेवलं तो खाली मान घालून उभा होता, आणि त्याला काय बोलावं ते सुचत नव्हतं. त्याच्या तोंडाला पट्टी नव्हती तरी.

डॉक्टर नेत्सेल चष्मा पुसत म्हणाले, "नियम मोडला आहे. पण मला वाटतं, अशा प्रसंगी आपण..."

"नियम म्हणजे नियम," मी म्हटलं.

"नियम म्हणजे नियम," फोर्मेलाही म्हणाला. जहाज खोक्यात ठेवलं, दोरी बांधली आणि निघाला. त्या दिवशी त्यानं डबी कुणापुढेच धरली नाही.

मग तो क्लबात यायचा थांबला. समोरची खुर्ची रिकामी. खरं सांगू? कामात लक्ष लागेना माझं. अकरा वर्षांची सवय, चूक काढायला समोर कुणी नाही. कोंकेल आता मला 'प्लिख्ताबाई' म्हणतो, अगदी सांभाळून, आणि चहाचा ग्लास आधी माझ्यापुढे ठेवतो. बेकरीतल्या बाईनं मला हात धरून सांगितलं, "ऐकलं आम्ही, तुमच्या ब्रूनोनचं." सगळ्या वसाहतीत झालं होतं. मला वाटलं होतं, असं झालं की छातीवरचं ओझं उतरेल. अर्धंच उतरलं. उरलेलं अर्धं कुणाचं होतं ते मला ठाऊक होतं.

एक नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, मी शेवंतीची कुंडी आणि दिवे घेऊन दफनभूमीत गेले. दोन दिवस पावसानं झोडपलं होतं, सकाळी नुकता थांबला होता. ब्रूनोनच्या दगडापाशी माझ्या आधी कुणीतरी येऊन गेलं होतं. दगडाला टेकवून बार्विनेक उभं होतं.

वार्निश नाही, काच नाही. भर पावसात पुठ्ठ्याचं जहाज! धुराडं वाकलं होतं. डेक फुगला होता. जलरंग सगळा वाहून दगडावर उतरला होता, राखाडी आणि गंजाचे ओघळ. जिकडे बघावं तिकडे पांढऱ्या कडा उघड्या पडल्या होत्या. ज्या माणसानं साठ वर्षांत एक पांढरी कड कुणाला दिसू दिली नाही, त्याचं काम असं, सगळ्या गावासमोर.

"मूर्ख म्हातारा!" मी मोठ्यानं म्हटलं. शेजारच्या दगडापाशी दिवा लावणारी बाई दचकली. "दोन वर्षांचं काम! कुणी सांगितलं होतं तुला?"

मग मी वाकून डावी बाजू बघितली. पेन्सिल पाण्यानं जात नाही. रंग गेला होता आणि कोऱ्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर तो मासा तसाच होता, गोलासकट, पूर्वीपेक्षा ठळक.

मी त्याला माफ केलेलं नाही. करणारही नाही, कुणी सांगायला येऊ नये. पण तिथे उभं राहून मला जेवतानाचा तो रविवार आठवत होता, आणि ब्रूनोननं खाली ठेवलेला चमचा. क्रेनवाल्यांना गोदीत खूण नसायची, आम्ही फक्त उचलायचो आणि ठेवायचो. मी पर्समधून पेन्सिल काढली. पुठ्ठा ओला होता, हात अगदी हलका ठेवावा लागला. माशाच्या शेजारी मी माझ्या नावाचं पहिलं अक्षर काढलं आणि त्याच्याभोवती गोल केला.